सुप्याचा मामा कोण होणार?

ऐतिहासिक युद्धांच्या पुनर्मंचनाविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘रिएनॅक्टमेंट’ म्हणतो त्याविषयी, हा मोठा धागा. उदाहरणे मुद्दाम पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाची घेतली आहेत: बारामती तालुक्यातले सुपे आणि शेजारचे इंदापूर. दोन्ही ठिकाणे भोसल्यांच्या इतिहासात महत्त्वाची आणि दोन्ही पुनर्मंचनाला अवघड. अवघड आहेत म्हणूनच निवडली.

प्रथम सुपे. या परगण्याचा कारभार शहाजीराजांच्या वतीने संभाजी मोहिते पाहत. ते तुकाबाईंचे बंधू, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की, महाराज शिमग्याच्या सणाची पोस्त मागण्याच्या निमित्ताने मामांकडे गेले, त्यांना कैद केले आणि पागेचे तीनशे घोडे, द्रव्य व कापडचोपड हस्तगत करून सुपे कबजात घेतले. तोफ नाही, तटाला शिडी नाही, रणघोष नाही.

आता हा प्रसंग सुप्यात उभा करायचा असे समजू. पहिला प्रश्न येतो तो ऋतूचा. सभासदाचे ऐकले तर फाल्गुन. पण काही इतिहासकार ही घटना १६५६ च्या सप्टेंबरात ठेवतात. वाचताना हा मतभेद आपण तळटीप समजून ओलांडतो. मैदानात उभे राहिल्यावर तो ओलांडता येत नाही. सुपे हा पर्जन्यछायेतला जिरायती भाग. फाल्गुनात येथे गवत वाळून गेलेले, वाटा धुळीच्या, आणि सणाच्या गोंधळात चार अनोळखी स्वार आले तरी कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. सप्टेंबर म्हणजे या भागातल्या खऱ्या पावसाचा महिना: रान हिरवे, काळ्या जमिनीत खूर रुतणारा, आणि शिमग्याच्या पोस्तीचे निमित्त तर मुळातच गळून पडलेले. वेशभूषेचे माप द्यायच्या आधीच आपल्याला साधनचिकित्सेला बसावे लागते.

मग घोडे. कामाचा घोडा दिवसाला साधारण तीस लिटर पाणी पितो. तीनशे घोड्यांना नऊ हजार लिटर. पाणीटंचाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात एवढी पागा सांभाळायची तर विहिरी किती लागतील, वैरण कुठून येईल, मोतद्दार किती असतील? बखरीतला ‘तीनशे’ हा आकडा एका ओळीत संपतो. तो जमिनीवर मांडला की सुपे हाती येणे ही केवढी मोठी कमाई होती, हे ध्यानात येते. तरुण राजाला येथे मुलुखाबरोबर तयार घोडदळही मिळाले.

माझ्या मते पुनर्मंचनाचे खरे मोल येथे आहे. ते उत्तरे देत नाही, पण वाचनात न सुचणारे प्रश्न विचारायला भाग पाडते. कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाने इतिहासाला भूतकालीन विचारांचे पुनर्जीवन म्हटले. त्याला अभिप्रेत होते ते मनातले, अंगरख्यातले नव्हे. तरीही काही गोष्टी शरीराला आधी कळतात. दांडपट्टा घ्या. त्याच्या खोबळ्यात हात घातला की मनगट जवळजवळ जखडते, वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात हे पहिल्याच दिवशी उमगते, संग्रहालयाच्या काचेबाहेर उभे राहून दहा वर्षांतही उमगत नाही. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते विशाळगड चालणाऱ्यांचेही तेच. १३ जुलै १६६० च्या झुंजीची हकिगत त्यांना पाठ असते. पण चिखलात गुडघाभर पाय रुतल्यावरच कळते की, खिंडीत उभे राहिलेले लोक लढाई सुरू होण्यापूर्वीच थकलेले होते.

हे वेड काही बाहेरून आलेले नाही. अफझलखान प्रसंगावरचा अगिनदासाचा पोवाडा किंवा सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा हे डफ-तुणतुण्यावर उभे केलेले रणच आहे. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर अहळीव पेरणारे आणि मातीचा मावळा तटावर नेमका कुठे ठेवायचा यावरून भावंडांशी भांडणारे आपण सगळे एके काळी पुनर्मंचनकारच होतो. (ते भांडण म्हणजे आपल्यापैकी अनेकांचा दुर्गशास्त्रावरचा पहिला वाद.) आणि गर्दीत घोडा कसा धावतो हे इंदापूरकरांना शिकवावे लागत नाही. तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण बेलवाडीला आणि इंदापूरला होते. त्यात युद्ध नाही, पण हजारो माणसांनी कडे धरून मधून भरधाव घोडा जाऊ देण्याची शिस्त आहे. कोणत्याही लष्कराला हेवा वाटावा अशी.

परदेशात या हौसेला संस्थांचे रूप आले आहे. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करणारी ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ सालची. पोलंडमध्ये १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईसाठी दर जुलैत चिलखते चढतात. तिथली वस्त्रे, टाके, बकले यांबाबतची काटेकोर वृत्ती आपण जरूर घ्यावी. आपल्या मिरवणुकांत सतराव्या शतकातला मावळा चकचकीत कृत्रिम रेशमात फिरतो, हे बघवत नाही.

मात्र टाके अचूक असले म्हणून इतिहास अचूक होतोच असे नाही. १९२० मध्ये पेत्रोग्राडला एव्हरेइनोव्ह या दिग्दर्शकाने हिवाळी राजवाड्यावरील हल्ला हजारो कलाकारांना घेऊन पुन्हा घडवला. १९१७ च्या प्रत्यक्ष हल्ल्यात इतकी माणसे नव्हती. पुढे या प्रयोगाचे छायाचित्र खऱ्या हल्ल्याचे म्हणून पुस्तकांत छापले गेले. नक्कल अस्सलाच्या जागी जाऊन बसली. आपल्याकडे हे काम चित्रपट करतात, फरक एवढाच.

दुसरा धोका अधिक खोल आहे. पुनर्मंचनात मेलेला माणूस टाळ्या पडल्यावर उठतो, कपडे झटकतो आणि चहा घेतो. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत कोणी उभे केले, तर विश्वासरावांना गोळी लागण्याचा क्षण साधेल, भाऊसाहेबांचे गर्दीत घुसणे साधेल. पण त्याआधी कित्येक आठवडे रसद तुटल्याने उपाशी असलेली छावणी, त्यातले बायकामुलांसह आलेले यात्रेकरू, बाजारबुणगे, मरणारी जनावरे? त्या दिवसाचे बहुसंख्य बळी नायक नव्हते, आणि त्यांची भूमिका मागायला कोणी येत नाही.

या बाबतीत मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटलेला प्रयोग तलवारींचा नाहीच. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये ऑरग्रीव्ह येथे संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. २००१ मध्ये जेरेमी डेलर या कलावंताने ती त्याच परिसरात पुन्हा घडवली. अनुभवी पुनर्मंचनकारांबरोबर त्यात मूळचे खाणकामगारही होते, आणि त्यांच्यातल्या काहींनी पोलिसांची भूमिका केली. ज्याने मार खाल्ला त्याने ढालीच्या पलीकडे उभे राहून पाहिले.

आपल्याकडे याची कसोटी इंदापुरात लागेल. मालोजीराजे भोसले येथे लढताना पडले, असे शिवभारत सांगते. सालाबद्दल एकमत नाही. प्रश्न वेगळाच आहे: ते लढत होते अहमदनगरच्या निजामशाहीसाठी. शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवल्याची परंपरा ज्यांच्याविषयी सांगितली जाते, ते हे मालोजी. इंदापूरच्या गढीसमोर हा प्रसंग प्रामाणिकपणे उभा करायचा, तर मालोजीराजांच्या बाजूचे निशाण निजामशाहीचे असेल, आणि पलीकडच्या फौजेतही मराठी बोलणारे शिलेदार असतील. भगवा विरुद्ध हिरवा या जयंतीच्या ठरलेल्या चित्रात हा प्रसंग बसत नाही, म्हणूनच त्याचे चित्ररथ दिसत नाहीत. माझा आग्रह असा की, सुरुवात अशा प्रसंगांपासून करावी. प्रेक्षक गोंधळले तर गोंधळू द्यावेत.

सुप्याचा प्रयोग त्याहून अवघड, कारण तिथे शत्रूच नाही. महाराजांची भूमिका करायला पन्नास मुले पुढे येतील, सोबतच्या स्वारांसाठी पाचशे. संभाजी मोहित्यांसाठी मात्र कोणाला तरी गळ घालावी लागेल. ज्या कोणाला ती मिळेल त्याने काय करायचे, हे बखरीवरून पुष्कळसे ठरवता येते. भाचा सणाला आला आहे असे ऐकून त्याला बाहेर यायचे आहे. बैठक घालायला सांगायची आहे, पोस्त म्हणून काय द्यावे याचा मनाशी विचार करायचा आहे. आणि आपल्याच पागेतले घोडे कोणीतरी सोडते आहे, हा आवाज कानावर पडेपर्यंत त्याला काहीही कळलेले असता कामा नये.