मॉन्स्टर

अमेरिकी ख्रिस्ती कादंबरीकार फ्रँक पेरेटी (जन्म १९५१) यांची जनुकीय प्रयोगावर आधारलेली विज्ञान-थरारकादंबरी. वेस्टबो प्रेसने २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली.

पेरेटी यांचा जन्म कॅनडातील लेथब्रिजचा. वडील पाळक होते. पुढे स्वतः पेरेटींनीही काही काळ असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाच्या मंडळीत पाळकाचे काम केले. देवदूत आणि दुरात्मे यांच्या अदृश्य युद्धाची धिस प्रेझेंट डार्कनेस (१९८६) ही त्यांची कादंबरी गाजली, आणि अमेरिकेतील ख्रिस्ती वाचकवर्गात थरारकथेला हक्काचे स्थान मिळाले. मॉन्स्टरमध्ये मात्र दुरात्मे नाहीत. येथे भय निर्माण होते ते प्रयोगशाळेतून.

पोलीस अधिकारी रीड शेल्टन आणि त्याची पत्नी बेक आयडाहोच्या डोंगराळ अरण्यात भटकंतीला जातात. पहिल्याच रात्री एक अजस्र केसाळ प्राणी बेकला उचलून नेतो. तो सॅस्क्वॉच म्हणजे बिगफूट. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील जंगलांत असा वानरमानव वावरतो, ही दंतकथा तिकडे घरोघर ठाऊक आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे चित्रित झालेल्या एका लघुफितीने तिला नवे बळ दिले. रीडच्या सांगण्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवत नाही. तिकडे बेक सॅस्क्वॉचच्या कुटुंबात राहू लागते आणि त्यांना रेचल, लेआ, जेकब अशी बायबलमधील नावे देते. मादी तिला पिलासारखी जपते. अरण्यात माणसेही मारली जात असतात, पण त्यांचे जीव घेणारा प्राणी वेगळाच असतो. चिंपांझीच्या जनुकांत मानवी डीएनए मिसळून मानवसदृश प्राणी घडवू पाहणाऱ्या डॉ. बर्कहार्ट या शास्त्रज्ञाची ती निर्मिती. हे रहस्य शोधून काढतो रीडचा मित्र कॅप कॅपेला. उत्क्रांतिवादावर प्रश्न उपस्थित केल्यामुळे या जीवशास्त्रज्ञाला विद्यापीठातील नोकरी गमवावी लागलेली असते.

कादंबरीतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा बेकची आहे. ती तोतरी बोलते, अनोळखी माणसांसमोर आक्रसते. शब्द निरुपयोगी असलेल्या जगात पडल्यावर तिला केवळ हावभाव आणि स्पर्श यांवर तगून राहावे लागते. पेरेटींना जन्मापासून मान व जीभ यांवर परिणाम करणारी व्याधी होती. तिच्यामुळे शाळेत झालेला छळ त्यांनी द वूंडेड स्पिरिट (२०००) या आत्मपर पुस्तकात मांडला आहे. बेकच्या प्रकरणांतील सच्चेपणाचे मूळ तिथे असावे.

कॅपेलाच्या तोंडून पेरेटी एक वाद मांडतात : उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील बदल, सजीवाची हानीच करतात, नवे काही घडवत नाहीत, म्हणून उत्क्रांती असंभव. हा वाद टिकत नाही. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलचेच उदाहरण घ्यावे. त्याचे बदललेले जनुक दोन्ही पालकांकडून आले तर गंभीर आजार होतो. एकाकडूनच आले तर गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. तेच उत्परिवर्तन परिस्थितीनुसार घातक किंवा उपकारक ठरते, आणि निवड होते ती पिढ्यान्‌पिढ्या. बर्कहार्टचा फसलेला प्रयोग एका उतावळ्या माणसाची घाई दाखवतो; निसर्गाच्या त्या संथ प्रक्रियेविरुद्ध तो पुरावा होऊ शकत नाही.

प्रकाशनाचा काळही बोलका आहे. १ सप्टेंबर २००५ रोजी नेचर नियतकालिकात चिंपांझीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. मानवाशी थेट जुळवून पाहता येणाऱ्या भागांत एकेका अक्षराचा फरक सुमारे १.२ टक्के निघाला. त्याच डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात, सृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार असल्याचे मत हे विज्ञान नव्हे आणि सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात ते शिकवता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. कादंबरी या धगधगत्या वादाच्या ऐन मध्यावर आली होती.

तरीही तिच्यातील नैतिक प्रश्न खरा आहे. मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइन (१८१८) पासून चालत आलेला तो प्रश्न असा : निर्माण केलेल्या जीवाची जबाबदारी कोणाची? आपला सिद्धांत खरा ठरवण्यासाठी जिवंत प्राण्याला साधन करणाऱ्या आणि परिणाम दडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे चित्र पेरेटींनी ठामपणे रेखाटले आहे, आणि ते पटते. वाचकाने ही कादंबरी अरण्यातील पाठलागासाठी आणि बेकसाठी जरूर वाचावी; तिच्यातील जीवशास्त्र मात्र पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे.