हलक्या पोलादाचं घर बांधताय? भिंती बंद होण्याआधी हे बघा

लाइट गेज स्टीलच्या घराचा सांगाडा कारखान्यातच मापात तयार होतो. साधारण १ मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वाकवून पट्ट्या बनवतात. जागेवर त्या स्क्रूने जोडून वर सिमेंट बोर्ड बसवतात. त्रिपुरात आगरतळ्याला केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पातील १,००० घरांसाठी हेच तंत्र निवडले गेले. पायाभरणी १ जानेवारी २०२१ला झाली.

वजन कमी म्हणून भूकंपाचा हादरा कमी बसतो, पण वादळात तोच हलकेपणा नडतो. म्हणून सांगाडा पायाच्या काँक्रीटला अँकर बोल्टने पक्का बांधलेला हवा. जागेवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं अन् तिथूनच गंज धरतो. पत्र्याची जाडी ठेकेदाराकडून लेखी घ्या. बोल्ट स्वतः उभं राहून मोजा. बोर्ड लागल्यावर आतलं काही दिसत नाही.