महानगर

महानगर (नाम, नपुंसकलिंगी, सं. महत् + नगर) : फार मोठे शहर. इंग्रजी 'मेट्रोपोलिस'साठी हा शब्द सर्रास योजला जातो, म्हणून तो भाषांतराच्या टेबलावर घडला असे वाटते. प्रत्यक्षात तो पाणिनीइतका जुना आहे. अष्टाध्यायीत 'नगर' हे उत्तरपद असलेल्या समासांच्या स्वराचा एक नियम आहे (6.2.89); त्यातून 'महत्' आणि 'नव' ही पूर्वपदे वगळली आहेत. म्हणजे महानगर हा समास तेव्हाच रुळलेला होता.

पाली महापरिनिब्बानसुत्तात तो नेमक्या प्रसंगी येतो. बुद्ध कुसिनारा येथे देह ठेवणार, हे शिष्य आनंदाला रुचत नाही. या कुडाच्या भिंतींच्या आडगावात नको, असे तो विनवतो आणि सहा महानगरे सुचवतो : चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. कारणही देतो : तिथले धनाढ्य क्षत्रिय, ब्राह्मण आणि गृहस्थ अंत्यविधी यथासांग करतील. थोडक्यात, 'महा'मध्ये वस्तीइतकीच ऐपतही मोजलेली आहे. (मुंबईहून सुटणारी महानगरी एक्सप्रेस या सहांपैकी वाराणसीलाच जाते.)

ग्रीक 'मेट्रोपोलिस'चा आकाराशी मुळात संबंध नाही. 'मेतेर' म्हणजे आई, 'पोलिस' म्हणजे नगर. वसाहत करायला निघालेले लोक ज्या नगरातून निघाले, ते त्यांचे मातृनगर. सिसिलीतले सिराक्यूज पुढे कितीही वाढले तरी त्याची मेट्रोपोलिस कॉरिंथच. रोमन काळात प्रांताचे प्रमुख शहर, चर्चच्या व्यवस्थेत मुख्य बिशपचे शहर, असे अर्थ त्याला चिकटले. अवाढव्यपणा मागाहून आला. 'महानगर'चा शब्दशः ग्रीक जोडीदार वेगळाच, 'मेगालोपोलिस'. त्या नावाचे शहर इ.स.पू. चौथ्या शतकात आर्केडियात वसवले गेले. आज ते लहानसे गाव आहे. 'मेतेर' आणि 'मातृ', 'पोलिस' आणि 'पुर' हे शब्द सगोत्र मानले जातात. त्या हिशेबाने मेट्रोपोलिसचे मराठी भावंड मुंबई नव्हे, माहूर. रेणुकामातेच्या या क्षेत्राचे जुने नाव मातापूर.

कायद्यात महानगर क्षेत्र म्हणजे किमान 10 लाख लोकसंख्या (74वी घटनादुरुस्ती, 1992). महानगरपालिकेला मात्र ही अट नाही. हिंदीत जिला 'नगर निगम' म्हणतात तिला मराठीने हे भारदस्त नाव दिले, त्यामुळे 2011च्या जनगणनेत पाच लाखांच्या घरात असलेल्या सांगली-मिरज-कुपवाडलाही महानगरपालिका आहे.

बोलण्यात हा शब्द क्वचितच येतो. तिथे फारसीतून आलेले 'शहर' चालते. नुसते 'नगर' म्हटले की एसटीच्या पाटीवरचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. आणि नावाला जोडून आले, गणेशनगर किंवा नेहरूनगर, की बहुधा चार गल्ल्या आणि एक किराणा दुकान.