प्रतिलिपी : जुनी आणि नवी

मालवणच्या किनाऱ्यावर बसून कथा लिहिणाऱ्याला ती छापून येण्यासाठी मुंबई-पुण्याच्या संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागे. आता आमच्याकडील तरुण मोबाईलवर गोष्ट लिहितात आणि स्वतःच प्रसिद्ध करतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या संकेतस्थळांनी मराठी कथा-कादंबरीला हे दार मोकळे केले. संपादकाची संमती नको, छपाईचा खर्च नको.

हे पाहताना आम्हांला फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आठवते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला, तोही धर्मन्यायसभेच्या परवानगीने. १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला, तो हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापण्यात आला.

परवानगीने ग्रंथ छापला जातो. टिकतो तो वाचकांच्या जिव्हाळ्याने. परवानगीचे बंधन सुटले, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु एखादे संकेतस्थळ उद्या बंद पडले, तर त्यावरील कथा कोणाच्या घरी सापडेल? म्हणून लेखकाने आपल्या कथेची एक प्रत कागदावर ठेवावी; आणि वाचकहो, आवडलेली कथा लेखकाला विचारून आपणही जपून ठेवावी. 'प्रतिलिपी' या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?