लॅपटॉप खरेदी : किमतीआधी वॉरंटी वाचा

महाविद्यालयात प्रवेश मिळताच घरोघरी लॅपटॉप खरेदीची चर्चा सुरू होते. लेखन, प्रकल्प-अहवाल व इंटरनेटसाठी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरेशी ठरते. अ‍ॅनिमेशनसारख्या अभ्यासक्रमांना १६ जीबी रॅम घेणे इष्ट. वापरलेला लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ वर चालतो का, हे तपासावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

लेखनासाठी २०१० मध्ये सुरू झालेले लिबरऑफिस विनामूल्य असून ते मराठीतही उपलब्ध आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, म्हणजे तो दुसऱ्या संगणकावरही वाचता येतो.

येथे वाचलेले पैसे वॉरंटीकडे वळवावेत. नेहमीची एक वर्षाची वॉरंटी केवळ उत्पादनातील दोषांना लागू होते. लॅपटॉप पडला अथवा त्यावर चहा सांडला, तर भुर्दंड ग्राहकालाच. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. 'ऑनसाइट' सेवेत तंत्रज्ञ घरी येतो, 'कॅरी-इन'मध्ये लॅपटॉप सेवा केंद्रात न्यावा लागतो. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी हा फरक आधीच विचारावा.

बिल जपून ठेवावे. वाद उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते.