बेसबॉलची फलंदाजी कोण शिकवू शकतो? खेळाडूचा अनुभव की व्हिडिओचा अभ्यास

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाकडे फलंदाजांना शिकवणारा ‘हिटिंग कोच’ असतो. पूर्वी ही जागा बहुतेक वेळा निवृत्त खेळाडूकडेच जात असे. ज्याने वेगवान चेंडूचा सामना केलेला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असा त्यामागचा विचार होता. आज मात्र एकही व्यावसायिक सामना न खेळलेले प्रशिक्षकही या जागेवर दिसतात. त्यांचे मुख्य साधन म्हणजे व्हिडिओ. यातून जुना वाद नव्याने पुढे आला आहे: फलंदाजी शिकवायला स्वतः खेळलेले असणे किती आवश्यक आहे?

अनुभव कुठे फसवतो?

पिचर जिथून चेंडू टाकतो ती जागा फलंदाजासमोरच्या ‘होम प्लेट’पासून १८.४४ मीटर अंतरावर असते. ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. इतक्या कमी वेळात आपला खांदा, कोपर, कंबर नेमके काय करतात, हे फलंदाजाला कळत नाही. त्याच्या लक्षात राहते ती फक्त जाणीव, आणि जाणीव व प्रत्यक्ष हालचाल यांत बरेचदा फरक असतो.

‘बॅट वरून खाली आण’ ही सूचना याचे ठळक उदाहरण आहे. अनेक पिढ्यांनी ती दिली. पण संथ गतीतील चित्रण पाहिले, तर चांगल्या फलंदाजांची बॅट चेंडूला लागताना किंचित वर जात असते. पिचरचा उंचवटा सुमारे २५ सेंटीमीटरचा असतो आणि गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू उतरत येतो. बॅट थोडी वर जात असेल, तर ती चेंडूच्या मार्गात जास्त वेळ राहते आणि वेळेची थोडी चूक खपून जाते.

अर्थात सगळ्याच खेळाडूंचा अनुभव चुकीचा होता असे नाही. १९४१ मध्ये .४०६ची सरासरी (म्हणजे हजार अधिकृत संधींमागे ४०६ हिट) गाठणाऱ्या टेड विल्यम्स यांनी बॅट किंचित वर नेण्याचे तत्त्व आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडले होते. मात्र विल्यम्स बरोबर आणि इतर चूक, हे ठरवायला बाहेरचा पुरावा लागला. तो चित्रणाने दिला.

मोठा खेळाडू नसलेला मोठा प्रशिक्षक

चार्ली लाउ यांची खेळाडू म्हणून कारकिर्दीतील सरासरी .२५५ होती. कॅन्सस सिटी रॉयल्सचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी फलंदाजांच्या चित्रणाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट १९७६ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सरासरीत अव्वल ठरला. आपल्याकडच्या क्रिकेटमध्येही हे नवे नाही. सचिन तेंडुलकर घडवणारे रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. उत्तम खेळणे आणि उत्तम शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

नोकरी गेलेला फलंदाज

जे. डी. मार्टिनेझला ह्यूस्टन ॲस्ट्रोजने मार्च २०१४ मध्ये संघातून मुक्त केले. त्याआधीच त्याने आपले स्विंग मोठ्या फलंदाजांच्या व्हिडिओशी ताडून पाहिले होते आणि दोन्हींत मूलभूत फरक आहे हे त्याच्या लक्षात आले होते. क्रेग वॉलेनब्रॉक आणि रॉबर्ट व्हॅन स्कॉयॉक या खासगी प्रशिक्षकांकडे त्याने स्विंग नव्याने बांधले. त्याच वर्षी डेट्रॉइट टायगर्सकडून त्याने .३१५च्या सरासरीने २३ होम रन मारले आणि २०१७ मध्ये ४५. व्हॅन स्कॉयॉक स्वतः व्यावसायिक बेसबॉल खेळलेले नव्हते. तरीही २०१९च्या हंगामापासून लॉस एंजेलिस डॉजर्सने त्यांना हिटिंग कोच नेमले.

व्हिडिओ काय सांगत नाही?

व्हिडिओत बॅट उशिरा आलेली दिसते, पण ती का उशिरा आली ते दिसत नाही. हात मंद असू शकतात, किंवा फलंदाजाने चेंडू ओळखण्यातच चूक केलेली असू शकते. पहिल्या दोषावर उपाय स्विंगमध्ये आहे, दुसऱ्यावर नजरेत. पिचर आता काय टाकेल याचा अंदाज, दोन स्ट्राइक झाल्यावरचे दडपण, सलग अपयशाचे दिवस या गोष्टी खेळलेल्या माणसाला लवकर ओळखू येतात.

शिवाय दोष दिसला म्हणजे तो सुटतोच असे नाही. ‘कोपर खाली पडते’ हे कळून ०.१५ सेकंदात कोपर सावरता येत नाही. फलंदाजाला एखादी साधी जाणीव द्यावी लागते. इथे जुनी ‘वरून खाली’ ही सूचनाही उपयोगी पडू शकते. बॅट प्रमाणाबाहेर वर नेणारा फलंदाज ती ऐकून योग्य मार्गावर येतो. वर्णन म्हणून चुकीचे असलेले वाक्य उपाय म्हणून बरोबर ठरू शकते.

व्हिडिओवर अवलंबून राहण्याचीही किंमत असते. ॲस्ट्रोजने कॅमेऱ्याच्या मदतीने विरोधकांच्या खुणा चोरल्याचे प्रकरण गाजल्यानंतर, २०२० मध्ये खेळाडूंना सामना चालू असताना आपले व्हिडिओ पाहणे बंद झाले. तेव्हा बॉस्टन रेड सॉक्सकडे असलेल्या मार्टिनेझची सरासरी .२१३वर घसरली. व्हिडिओ नसणे हे त्याने त्याचे एक कारण सांगितले. हंगाम फक्त ६० सामन्यांचा होता, त्यामुळे एवढ्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाही. पण दोष शोधण्याची सवय पडद्यावर सोपवली, तर पडदा नसताना काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

मग निवड कशी करायची?

सॅन दिएगो पाद्रेजचा टोनी ग्विन १९८३ पासून आपली फलंदाजी व्हिडिओवर पाहू लागला. सुरुवातीला त्याची पत्नी घरी सामन्यांचे चित्रण करून ठेवत असे. त्याने सरासरीचा किताब आठ वेळा मिळवला. स्वतःला काय जाणवले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे तो रोज ताडून पाहू शकत होता. प्रशिक्षकाकडून नेमकी हीच अपेक्षा असते. त्यामुळे प्रशिक्षक निवडताना ‘तुम्ही कुठे खेळलात?’ याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात: आपले म्हणणे ते चित्रणावर तपासून पाहतात का, आणि पडद्यावर दिसलेला दोष फलंदाजाला जमेल अशा सूचनेत सांगू शकतात का?