रस्ता चालणाऱ्यांचाही आहे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरसाल कोणी पाककृती देते, कोणी सणावाराची माहिती लिहिते. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, किल्ले आणि लढायाच आठवतात. पण आपण रोज ज्या रस्त्यावरून भाजीला, दळणाला नि देवळाला जातो, त्या रस्त्यालाही इतिहास असतो. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. जे वाचले व समजले, ते आपल्या बोलीत सांगते.

रस्ता प्रथम कोणाचा होता? पायी चालणाऱ्यांचा. मग बैलगाडी आली, टांगा आला, सायकल आली. तरी चालणाऱ्याला बाजूला उडी मारावी लागत नव्हती. मोटारी वाढल्या तशी त्याची जागा आक्रसत गेली. आज आपल्या भोकरातही तेच दिसते. नांदेडहून भैंसा-निर्मळकडे जाणारा मोठा रस्ता आपल्या गावावरून जातो. ट्रक, ट्रॅक्टर, एस. टी. आणि फटफटी यांच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायचा तर कोणाचा तरी हात धरावा लागतो.

हे दुःख केवळ आपले नाही. युरोपातील हॉलंड देशात 1971 साली रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांवर माणसे दगावली, त्यांत चारशेंहून अधिक लहान मुले होती. तेव्हा तेथील आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाचेच नाव त्यांनी आपल्या चळवळीला दिले. पुढे 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले, आणि तेल वाचविण्यासाठी तेथील सरकारने रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली. 4 नोव्हेंबर 1973 हा असा पहिला रविवार. अडचण म्हणून आलेल्या त्या दिवसांत लोक मोठ्या हमरस्त्यांवरून सायकली घेऊन फिरले, मुले चाकांच्या बुटांवर धावली. मोटार नसेल तर रस्ता किती रुंद असतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आज तो देश सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, त्याच्या मुळाशी या दोन गोष्टीही आहेत.

त्याच्याही आधी, 1966 साली, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या बागेतील रस्ते शनिवार-रविवारी मोटारींना बंद करण्यास सुरुवात झाली. आरंभ थोड्या तासांचा होता; पण तास वाढत वाढत 2018 साली त्या बागेतील रस्ते मोटारींना कायमचेच बंद झाले. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेथे 15 डिसेंबर 1974 रोजी सायकलप्रेमी मंडळींनी मुख्य रस्ते काही तास मोटारींविना मोकळे करवून घेतले आणि हजारो लोक सायकली घेऊन जमले. आज त्या शहरात दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 पर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना दिलेले असतात. गरीब-श्रीमंत, आजी-नातू सारे एकाच रस्त्यावर येतात. यात्रेलाच जणू माणसे निघाली आहेत!

आपल्या देशात हे वारे दिल्लीजवळच्या गुडगावात आले. 17 नोव्हेंबर 2013 रोजी तेथे 'राहगिरी' सुरू झाली. पुढल्या वर्षी, 2 नोव्हेंबर 2014 रोजी, मुंबईत वांद्रे ते सांताक्रूझ या भागातले रस्ते रविवारच्या सकाळी मोकळे होऊ लागले. मुले खेळली, बायका मोकळेपणी फिरल्या. परंतु गाणीबजावणी फार झाली, वाहतूक दुसरीकडून वळवावी लागली, आणि आसपासच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या. तो उपक्रम पुढे टिकला नाही. 2022 च्या मार्चमध्ये मुंबईच्या पोलिसांनी पुन्हा रविवारी काही रस्ते लोकांना खुले केले. पुण्यात महानगरपालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा गर्दीचा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला, आणि त्यानंतरही 11 डिसेंबरला तो पाळला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्यालाही चालणाऱ्यासाठी वेगळा दिवस राखावा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, ही शहरी थेरे आपल्याला कशाला? भगिनींनो, रस्ता चालणाऱ्यांना देणे ही गोष्ट आपल्या मातीत जुनीच आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली असे मानतात. आजही आषाढीला पालख्या येतात तेव्हा मोठमोठी शहरे रस्ते मोकळे करतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या मराठवाड्यातून परभणी, परळी, अंबाजोगाईवरून पंढरीला जाते. तेव्हा मोटारवाला मुकाट्याने थांबतो, कोणी कुरकुरत नाही. देवासाठी जे जमते, ते लेकरांसाठी का जमू नये?

टाळेबंदीच्या 2020 सालात आपण रिकामे रस्ते पाहिले, पण ते भयाने रिकामे होते. ओसाड रस्ता वेगळा आणि माणसांनी भरलेला मोकळा रस्ता वेगळा.

आता घरचे सांगते. माझ्या नणंदेची मुलगी नववीत आहे. जवळच्या खेड्यातून सायकलीने भोकरला शाळेत येते. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तिलाही मिळाली. ट्रकांच्या रस्त्याने पोर येते, म्हणून ती घरी पोचेपर्यंत नणंदेच्या तोंडात घास उतरत नाही. एके दिवशी गाडीने हूल दिली, पोर चिखलात पडली. गुडघ्यावर निभावले, पण तेव्हापासून तिची शाळा सोडवण्याची भाषा घरात सुरू आहे. सरकारने सायकल दिली, पण सायकलीला रस्ता कोण देणार? रस्त्याच्या भीतीने जर मुलीचे शिक्षण थांबणार असेल, तर हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नाही, तो आपला बायकांचा आहे.

आमच्या ह्यांचे मुख्य रस्त्यावर कापडाचे दुकान आहे. त्यांच्या कानावर मी ही गोष्ट घातली, तेव्हा ते म्हणाले, "रस्ता बंद म्हणजे धंदा बंद." त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ब्राझील देशातील कुरितिबा या शहरात 1972 साली मुख्य बाजाराचा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी केला, तेव्हा तेथील दुकानदारांनीही असाच विरोध केला होता. पुढे गिऱ्हाईक वाढलेले पाहून त्यांनीच तो भाग वाढवून मागितला. मोटारवाले बळेच घुसतील असे दिसले, तेव्हा नगराध्यक्षांनी मुलांना रस्त्यावर कागद पसरून चित्रे काढावयास बसवले. लेकरांच्या अंगावर गाडी घालण्यास कोण धजणार? हे ऐकून हे म्हणाले, "रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी करा, मग माझी हरकत नाही." एवढे मला पुष्कळ झाले.

म्हणून माझी सूचना अशी. हमरस्ता अडवू नये, ते आपल्या हातचे नाही आणि योग्यही नाही. गावातील एकच रस्ता, महिन्यातून एका रविवारी, सकाळी 6 ते 9 मोकळा ठेवावा. त्यासाठी नगरपरिषदेकडे व पोलीस ठाण्यात मंडळाने रीतसर अर्ज करावा. दवाखान्याच्या गाडीला व अपंग माणसाच्या वाहनाला वाट असावी. मुंबईचा धडा घेऊन कर्णे मुळीच लावू नयेत. ज्यांच्या दारापुढचा रस्ता, त्या घरी आधी जाऊन विचारावे. मुलींनी सायकल शिकावी, सासवासुनांनी फिरावे, पोरांनी लंगडी-लगोरी खेळावी.

एका रविवारने नणंदेची काळजी मिटणार नाही, हे मी जाणते. पण तीन तास मोकळा रस्ता पाहिलेल्या गावाला उरलेल्या दिवशी रस्त्याकडेला पायवाट मागण्याचे धैर्य येते, असे बाहेरचा इतिहास सांगतो. ज्या भगिनींना हे पटेल, त्यांनी पुढील सभेत आपली नावे द्यावीत. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.